बाळ यायच्या आधी काय घेऊन ठेवायचं आणि काय राहू द्यायचं

सातवा महिना लागला की घरात याद्या सुरू होतात. मैत्रिणीनं व्हॉट्सॲपवर पाठवलेली एक, यूट्यूबवरची एक, आईची तोंडपाठ असलेली एक, आणि सासूबाईंचं म्हणणं की बाळ हातात आल्याशिवाय घरात काय आणायचं नाही. आमच्या सांगलीकडं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून खरेदीची जबाबदारी मुलीच्या आईवर आणि घरातल्या एखाद्या मोठ्या बहिणीवर नाहीतर मावशीवर येते. आमच्या घरात ती बऱ्याचदा माझ्यावर आलीय, धाकट्या बहिणीच्या वेळी, मग मामेबहिणीच्या, आता भाचीच्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक सांगते, नव्या बाळाला खूप कमी लागतं. ऊब, आईचं दूध, स्वच्छ सुती कापड आणि डास येणार नाहीत अशी झोपायची जागा, एवढ्यावर पहिला महिना निघतो. बाळंतिणीला मात्र बरंच लागतं आणि तिच्याच सामानाकडं कुणाचं लक्ष नसतं. म्हणून पैसे ठरवतानाच निम्मे तिच्यासाठी बाजूला काढा आणि मग बाळाच्या कपड्यांकडं वळा.

लंगोट किती घ्यायचे हे सगळ्याजणी विचारतात. त्याचं उत्तर तुमच्या वाळत घालायच्या दोरीवर आहे. दूध नीट सुरू झालं की बाळ दिवसात सहा-आठ वेळा तरी शू करतं, बऱ्याचदा त्याहून जास्त, शिवाय अंगावर पिणारं बाळ पाजल्या पाजल्या शी करतं आणि ते नॉर्मल असतं. म्हणजे दिवसाला पंधराच्या आसपास लंगोट धरून चाला. एप्रिल-मे मध्ये सांगली-मिरजेत गच्चीवर टाकलेलं कापड तासा-दोन तासात कडकडीत वाळतं, तिथं 20-24 लंगोट भरपूर झाले. तेच शिराळ्याकडं, चांदोलीच्या बाजूला जुलै-ऑगस्टात बाळंतपण असेल तर कपडा दोन-दोन दिवस दमट राहतो, तिथं 40 लागतात आणि ते वाळवायला घरात एक घडीचा स्टँड पण लागतो, तो आधीच घेऊन ठेवा, त्याच्याइतका उपयोग कुठल्याच महागड्या वस्तूचा होत नाही. जत-आटपाडीकडं उन्हाळ्यात ऊन आहे पण पाणी जपून वापरावं लागतं, धुणं दिवसाआड निघणार असेल तर तिथंही आकडा वाढवा. हा हिशोब घरात बसून पाच मिनिटांत होतो, आणि तो केला की दुकानदार सांगेल तेवढं उचलून आणायची वेळ येत नाही.

लंगोटाला सगळ्यात चांगलं कापड म्हणजे घरातली जुनी सुती साडी किंवा आजोबांचं जुनं धोतर. धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, पाणी पटकन शोषतं. 22 इंचाचे चौकोन कापायचे, दोन पदर एकावर एक ठेवून कडा शिवायच्या, घडी घालून त्रिकोण केला की लंगोट तयार, नाड्या लावल्या तर चांगलंच, सेफ्टी पिन मात्र नको. काठ आणि जरीचा पदर आधीच काढून टाका, तो टोचतो. विकत कापड घ्यायचं तर इचलकरंजी आणि विट्याचे माग जवळ असल्यानं आपल्याकडं मलमल आणि मऊ सुती कापड मीटरवर सहज मिळतं, कापड पेठेत किंवा हरभट रोडला विचारा. हल्ली बरंच कापड प्युअर कॉटन म्हणून मिक्स विकतात. कडेचा एक धागा ओढून घ्या आणि घरी काडेपेटीनं पेटवून बघा, सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देतो आणि मऊ राख होते, पॉलिस्टर असेल तर धागा आक्रसतो आणि टोकाला कडक गोळी होते. ती गोळी दिसली तर ते कापड लंगोटाला नको, बाळाला त्यात घाम येतो आणि पुरळ उठतं.

झबली आठ-दहा पुरतात, सगळी सगळ्यात लहान साइजची घेऊ नका, निम्मी एक साइज मोठी घ्या कारण महिना-दीड महिन्यात लहान साइज चढत नाही. समोरून किंवा पाठीमागून पूर्ण उघडणारी, नाडीची झबली घ्या. डोक्यातून घालायचा टी-शर्ट फोटोत छान दिसतो पण चार दिवसांच्या बाळाची मान धरून तो घालताना घरातल्या जाणत्या बाईचेही हात कापतात. झबलं उलटं करून आतली शिवण बोटानं चाचपून बघा, टोचत असेल तर बाळाला उलट्या बाजूनंच घाला, काही बिघडत नाही. गळ्याशी बटण, मणी, लेस काही नको, नाड्या आखूड हव्यात. मागं कॉलरला लेबल असेल तर कापून टाका.

हातमोजे-पायमोजे घेणार असाल तर एक काम नक्की करा, मोजा उलटा करून आतले सुटे धागे कात्रीनं साफ कापा. तो बारीक धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो, बाळ नुसतं रडत राहतं, मोजा घातलेला असल्यामुळं कुणाला दिसत नाही आणि बोट सुजून निळं पडतं. म्हणून मी तर सांगते मोजे थंडीपुरते, एरवी हात मोकळे राहू देत आणि नखं बाळ झोपल्यावर बाळाच्या नेलकटरनं काढावीत.

टोपडी तीन-चार, कुंची असेल तर एखादी. दुपटी सहा, मऊ सुती, दीड-दोन हात लांबी-रुंदीची. अंगाखाली घालायला वाकळ, जुन्या साड्यांची घरी शिवलेली असेल तर तीच उत्तम, दोन-तीन असू देत. वाकळेवर घालायला वॉटरप्रूफ ड्राय शीट दोन, एक धुण्यात एक अंथरुणात. स्वेटर लोकरीचा असला तर आतून सुती झबलं घालायचंच, लोकर थेट अंगाला लागली की बाळ बेचैन होतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे आपल्याकडं गारठा चांगला असतो, तेव्हा एकावर एक दोन पातळ कपडे हे एका जाड कपड्यापेक्षा उबदार राहतात. ऊब पुरेशी आहे का हे बघायचं तर पोटाला आणि तळपायाला हात लावा. दोन्ही कोमट म्हणजे ठीक. पोट कोमट आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजतेय, आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरा आणि वरून दुपटं पांघरा.

दुपट्यात गुंडाळताना हात घट्ट चालतील, पाय नको. पाय सरळ ताणून करकचून बांधायची सवय अजून बऱ्याच घरात आहे, त्यानं खुब्याचा सांधा नीट बसायला अडचण होते. गुडघे वाकवून बाजूला पडतील एवढी जागा खाली सैल ठेवायची.

डायपर, म्हणजे आपण सगळे हगीज म्हणतो ते, रात्रीला आणि प्रवासाला ठेवा, पण न्यूबॉर्न साइजचं एकच छोटं पाकीट घ्या. ऑनलाइन ऑफर बघून मोठा बॉक्स मागवला तर निम्मा वाया जातो, ती साइज साधारण पाच किलोपर्यंतचीच असते आणि काही बाळं जन्मतःच साडेतीन किलोची असतात. नाळ पडेपर्यंत डायपरची वरची कड बेंबीखाली दुमडायची.

आता आधी आणू नये म्हणतात त्याचं. मला ह्यावर सासू-सुनेत वाद झालेला आवडत नाही, नवव्या महिन्यात तर नकोच. घरातल्या जुन्या कापडाचे लंगोट-दुपटी शिवणं हे कुणी खरेदीत धरत नाही, तेवढं निवांत करून ठेवा. बाकीचं निवडून ठेवायचं. मारुती रोडला ओळखीचं दुकान असेल तर ते सामान बाजूला बांधून ठेवतात, थोडा ॲडव्हान्स द्यायचा आणि बाळ झालं की बाबांनी जाऊन पिशवी उचलून आणायची. फक्त नवीन कपडा धुतल्याशिवाय बाळाच्या अंगाला लावायचा नाही, त्यात खळ असते, रंग असतो, म्हणून दवाखान्यात नेण्यापुरती पाच-सहा झबली आणि दुपटी आधी धुऊन ठेवलेली हवीतच. ती आत्याच्या घरी राहू देत पाहिजे तर. बऱ्याच घरांत पहिलं झबलं जुनं, घरातल्या दुसऱ्या बाळाचं घालायची पद्धत आहे, ती फार चांगली पद्धत आहे, जुना कपडा मऊ असतो.

पण जुने कपडे ट्रंकेतून काढताना डांबर गोळ्यांचा वास येत असेल तर थांबा. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं, वरून काही कळत नाही, आणि डांबर गोळीतल्या नॅफ्थलीनमुळं त्यांच्या लाल पेशी फुटतात, कावीळ एकदम वाढते. असे कपडे, वाकळा, स्वेटर दोनदा धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात घाला, वास पूर्ण गेला तरच वापरा, जरा जरी राहिला तर राहू दे, दुसरं घेऊ. बाळाच्या कपाटात तर डांबर गोळी ठेवायचीच नाही. ही गोष्ट मी प्रत्येकीला सांगते कारण आपल्याकडं थोरल्या पोराचे कपडे धाकट्यासाठी जपून ठेवतात आणि सोबत गोळ्या टाकतातच.

झोपायला बाळाला सपाट, जरा घट्ट गादी आणि पाठीवर झोपवणं. उशी नको. राईची उशी आजी प्रेमानं शिवते, डोकं गोल व्हावं म्हणून, पण पहिलं वर्षभर उशीच नको असं डॉक्टर सांगतात, तोंडाजवळ मऊ काही आलं की श्वास अडकायची भीती असते. डोकं चपटं होऊ नये म्हणून तोंड एकदा डावीकडं एकदा उजवीकडं करून झोपवायचं, आणि जागं असताना कुणीतरी समोर बसून थोडा वेळ पालथं टाकायचं. राईची उशी आजीच्या हातची आठवण म्हणून कपाटात जपून ठेवा, आजीला पण बरं वाटतं. पाळणा घेतलात तर गजांमध्ये 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको, आणि वरचे हूक-बोल्ट घरातल्या माणसानं स्वतः हातानं पिळून बघायचे. साडीची झोळी बाळाला आवडते, पण त्यात हनुवटी छातीला टेकते, म्हणून झोळीत झोपवून कामाला निघून जायचं नाही. बारशाला सजवलेला पाळणा भाड्यानं मिळतो, त्यासाठी विकत घ्यायची गरज नाही. छत्रीसारखी मिटणारी मच्छरदाणी मात्र आधीच आणा, नदीकाठची गावं आणि पावसाळा म्हटल्यावर डास असणारच, आणि बाळाच्या खोलीत कॉइल किंवा धूप नको.

आंघोळीच्या सामानाची यादी सगळ्यात लांब असते आणि लागतं सगळ्यात कमी. जन्मल्यावर पहिले 24 तास तरी आंघोळ नाही, बाळ लहान असेल तर डॉक्टर सांगतील तोपर्यंत नाही. नाळ पडेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडा-दोन आठवडे, कोमट पाण्यानं पुसून घेतलं तरी चालतं. नाळेवर हळद, तेल, राख, पावडर काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. एक सौम्य साबण, दोन मऊ टॉवेल, खोबरेल तेल, झालं. पावडर नको, तिचे कण छातीत जातात. काजळ नको, काजळात शिसं निघतं, दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा, डोळ्यात काही घालू नका. धुरी आणि बंद खोलीतली कोळशाची शेगडी तर अजिबात नको, आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका आहे. काळे मणी गळ्यात घालू नका, मनगटाला घाला आणि दोरा पक्का आहे ना ते रोज बघा.

दुधाच्या बाबतीत घ्यायचं काहीच नाही. बाटली नाही, पावडरचा डबा नाही, ग्राइपवॉटर नाही. आपल्या देशात बाळाची दुधाची पावडर आणि बाटल्या यांच्या जाहिरातीवरच 1992 च्या कायद्यानं बंदी आहे, त्यावरून समजा. पहिल्या तासात बाळाला छातीशी लावायचं, चीक पाजायचा, आणि सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. सांगलीच्या मे महिन्यात घरात कुणीतरी म्हणतंच की घसा कोरडा पडला असेल, चमचाभर पाणी पाजा. दुधात पाणी असतंच, उन्हाळ्यात जास्त वेळा पाजायचं म्हणजे पुरतं. आईनं मात्र तांब्याभर पाणी जवळ ठेवायचं. मध वर्षाच्या आत चाटवायचा नाही. गुटी आणि सहाण आधी विकत आणू नका, मोठी माणसं आग्रह करतील तेव्हा बाळाच्या डॉक्टरांकडं सोबत घेऊन जा, त्यांच्या तोंडून ऐकलं की घरात भांडण होत नाही. काही कारणानं वरून दूध द्यावं लागलं तर बोंडलं किंवा वाटी-चमचा उकळून घ्यायचा, ते घरात असतंच.

औषधांच्या डब्यात एक डिजिटल थर्मामीटर हवा. काखेत धरून 97.7 ते 99.5 फॅरेनहाइट म्हणजे ठीक. त्याच्या वर गेलं तर घरी औषध न देता लगेच डॉक्टर. खाली गेलं तर छातीशी धरून ऊब द्या, परत मोजा, वाढत नसेल किंवा बाळ दूध ओढत नसेल तर तेव्हाही डॉक्टर. ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज 400 युनिट देतात, ते डॉक्टर लिहून देतील तेव्हाच घ्या, प्रत्येक कंपनीच्या थेंबांत ताकद वेगळी असते.

आता बाळंतिणीचं. मोठे पॅड, साधे नव्हेत, बाळंतपणानंतर अंगावरून जाणं चार-सहा आठवडे चालतं आणि पहिले दिवस जास्त जातं, म्हणून दोन-तीन पाकिटं. समोरून उघडणारे सुती गाऊन चार, दूध पाजायच्या ब्रा नवव्या महिन्यात माप घेऊन थोड्या मोठ्या. कमरेवर न रुतणाऱ्या चड्ड्या उंच पट्ट्याच्या घ्या, सिझेरियन झालं तर टाक्यांवर इलॅस्टिक येत नाही. पाजताना टेकायला दोन उशा, पाठीला एक. मऊ, न घसरणारी चप्पल. डिंक, खारीक, खोबरं, गोडंबी गणपती पेठेतून आणून निवडून ठेवा, डिंकाचे लाडू टिकतात, हळिवाचे ओल्या नारळाचे लाडू चार दिवसांत खराब होतात म्हणून थोडे थोडे करा. हे सगळं तिच्याकडं विचारून घ्या, साडी नेसायचीच की गाऊन चालेल हे तिनं ठरवावं, घरात चार पाहुणे येणार असले तरी.

दवाखान्याची बॅग 36 व्या आठवड्यात भरून दाराजवळ ठेवायची. आईचं आणि बाळाचं सामान वेगळ्या पिशव्यांत, कारण ऐनवेळी बाबा किंवा मामाच ती उघडतात आणि सिस्टर म्हणतात दुपटं द्या. वरच दुपटं, झबलं, टोपडं, लंगोट एका गाठोड्यात, म्हणजे हात घातला की सापडतं. कागदांची फाइल सगळ्यात वर, माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट, रक्तगट, आधार, रेशनकार्ड, बँक पासबुकची झेरॉक्स. थर्मास, एक वाटी-चमचा, चार्जर. सरकारी दवाखान्यात बाळंतपण असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून बाळंतपण, औषधं, तपासण्या, तिथलं जेवण सगळं मोफत आहे, न्यायला आणि परत घरी सोडायला गाडीसुद्धा. त्यासाठी 102, आणि तातडीचं असेल तर 108. हे नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू देत. बाळाला घरी आणताना बाइकवरून आणू नका, रिक्षा नाहीतर चारचाकी सांगून ठेवा.

जुलै-ऑगस्टची तारीख आणि घर कृष्णाकाठी असेल तर अजून एक तयारी. 2019 आणि 2021 च्या महापुरात आपण काय बघितलंय ते सगळ्यांना माहीतय. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट, पण गरोदर बाई असलेल्या घरानं 40 ची वाट बघत बसू नये, कोयनेतून विसर्ग वाढल्याच्या बातम्या आल्या आणि पाणी चढायला लागलं की बॅग आणि फाइल घेऊन उंचावरच्या पाहुण्यांकडं जायचं. कुठला दवाखाना रस्ता बंद न होता गाठता येईल, सांगली की मिरज, हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. कागद प्लास्टिकच्या पिशवीत.

स्टरिलायझर, ब्रेस्ट पंप, बाबागाडी, खेळणी ह्यातलं काही आधी घेऊ नका, लागलं तर एका दिवसात मिळतं. वॉकर तर कधीच नको, पडून डोक्याला मार लागतो, कॅनडानं 2004 मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातलीय. बारशाला कपड्यांचा ढीग येतो आणि सगळा एकाच लहान साइजचा, म्हणून कुणी काय आणू असं विचारलं तर संकोच न करता सांगा, सहा महिन्यांचे कपडे आणा, किंवा मच्छरदाणी, किंवा बाळंतिणीला दोन वेळचा डबा. मावशी-आत्यांना असं स्पष्ट सांगितलं तर राग येत नाही, उलट त्यांना बरंच वाटतं.

दवाखान्यातून सुटताना बाळाला बीसीजी, पोलिओचा डोस आणि हिपॅटायटिस बी ची लस दिल्याची नोंद कार्डावर आहे का बघून घ्या, हिपॅटायटिसची पहिल्या 24 तासांत द्यायची असते. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. दवाखाना फॉर्म भरून घेतो तेव्हा आईवडिलांच्या नावाचं स्पेलिंग आधारवर आहे तेच एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्या फाइलमध्येच ठेवा, आईचं नाव लग्नाआधीचं लावायचं की नंतरचं हे पण आधी ठरवा. बाळाचं नाव ठरलं नसलं तरी नोंद थांबवायची नाही, नाव वर्षभरात नंतर घालता येतं.